तिकीट काढले म्हणजे पंच विकत घेतला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडापानावर आपल्या स्तंभलेखकांनी प्रेक्षकांचे वकीलपत्र घेतले आहे. फी किती ठरली ते कळले नाही, पण युक्तिवाद मात्र फुकट वाटला. प्रेक्षक पैसे मोजतो, सबब हुर्यो उडवणे हा त्याचा हक्क. खेळाडूला कोटी मिळतात, सबब मुकाट्याने ऐकून घेणे हे त्याचे काम, असा एकंदर सूर. लेखकमहाशय विद्वान आहेत, त्यांची भाषाही गोड आहे. त्यांनी कधी मातीच्या आखाड्याशेजारी उभे राहून गर्दी पाहिली आहे का, एवढेच विचारायचे आहे.

कारण आमच्याकडे कुस्त्यांच्या दंगलीला तिकीट नसते. म्हणजे नसायचे.

बोरी नदीच्या काठी आमचे गाव. यात्रेत पहिल्या दिवशी तगतराव म्हणजे सजवलेल्या गाड्याची मिरवणूक, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या, हा ठरलेला क्रम. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आधी, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी. मी तेव्हा नुकताच क्रीडाशिक्षक म्हणून लागलो होतो. त्या वर्षी शेवटच्या कुस्तीला एका बाजूला गावचा गडी आणि समोर मालेगावकडून आलेला एक किरकोळ अंगाचा पोरगा. ढोल वाजत होता, आमच्या गड्याच्या नावाने लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्यात मीही होतो. का नसावे? आपल्या गावचा आहे म्हटल्यावर ओरडणारच.

आमचा गडी पटात शिरायला गेला. त्या पोराने ढाक डाव लावला आणि आमचा पैलवान उताणा. कसलीही शंका नाही. दोन्ही खांदे मातीत, म्हणजे हारच.

पुढच्या क्षणी निम्मे गाव आखाड्यात. ‘खांदा टेकनाच नही!’ ‘मारा रे त्याले!’ पंचही गावचेच, त्यांनाही संध्याकाळी घरी जायचे होते. त्यांनी कुस्ती ‘बरोबरीत’ सोडवली आणि इनाम निम्मे-निम्मे केले. इकडे आमच्या गड्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत घामाने चिकटलेली लाल माती. लोक त्याच पाठीवर शाबासकीच्या थापा मारत होते आणि हाताला लागलेली माती धोतराला पुसत होते. मी एका आबांना म्हटले, ‘आबा, हाताला काय लागलं ते तरी बघा.’ त्यावर उत्तर आले, ‘मास्तर, तुम्ही कोनता गावना?’ आणि पाठोपाठ एक ढोसणी. लग्नाच्या पंगतीत अजूनही कोणी तरी हे काढतोच, आणि हसणारे हसतात.

त्या पोराने हुज्जत घातली नाही. मातीच्याच अंगावर सदरा चढवला, नोटा मोजल्या आणि एसटी कुठून मिळेल एवढे विचारले. पुढच्या वर्षी त्या बाजूचा एकही मल्ल आला नाही. नंतर चोपड्या-शिरपूरकडचेही येईनासे झाले. कोण येईल? जिंकून अर्धे इनाम घ्यायला? दंगल आटत गेली आणि एक दिवस बंदच पडली. आता तिथे डीजेचा ट्रक उभा राहतो आणि त्याच पिढीची मंडळी पारावर बसून हळहळतात, ‘मोबाइलने कुस्ती मारली भाऊ!’ तेव्हा गावात साधा टेलिफोन एक होता, तोही पोस्टात.

म्हणून सांगतो, पक्षपात करू नका असे कोणी म्हणत नाही. पक्षपाताशिवाय खेळ बघायचा तर बुद्धिबळाचे निकाल वाचावेत. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. पण जे डोळ्यांना दिसले ते दिसलेच नाही, असे म्हणायचा हक्क कुठल्याही तिकिटात येत नाही.

लेखकांना क्रिकेटचेच दाखले समजतात असे दिसते, तर क्रिकेटचा घ्या. ३१ जानेवारी १९९९, चेन्नईची कसोटी. समोर पाकिस्तान, २७१ धावांचे लक्ष्य, सचिन पाठदुखीने कळवळत १३६ वर बाद झाला आणि उरलेले गडी १२ धावांनी सामना घालवून बसले. त्या दिवशी चेपॉकवरच्या प्रेक्षकांना रागवायला काय कमी कारणे होती? तिकीट त्यांनीही काढले होतेच. तरी ते उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारत होते तेव्हाही वाजवल्या. आता त्यांना कमी भारतीय म्हणणार का? उलट १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर आपण ८ बाद १२० असताना बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. काय मिळाले? सामना श्रीलंकेला बहाल झाला. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या. ज्या मैदानात लाखभर माणसे मावतात, तिथे त्या शतकाला टाळ्या शोधाव्या लागल्या. मी आमच्या घरी दोन वाजवल्या तर नातवाने टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि वानखेडेचे काय? २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याची घरच्याच मैदानावर हुर्यो उडवली. त्याचा गुन्हा काय, तर मुंबई इंडियन्सच्या मालकांनी रोहितच्या जागी त्याला कर्णधार केले. २९ जूनला बार्बाडोसला त्यानेच शेवटचे षटक टाकून टी-२० विश्वचषक हाती दिला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर. लेखकमहाशय याला प्रेम म्हणतात. मग आमच्या त्या आबांचेही प्रेमच होते म्हणायचे.

तिकिटाचा मुद्दा तर मुळातच कच्चा. २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरलो तेव्हा महंमद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घातल्या गेल्या. कोहली त्याच्या बाजूने बोलला, तर कोहलीच्या वर्षाचीही नसलेल्या मुलीला धमकी आली. या शूरांनी कुठले तिकीट काढले होते? महिन्याच्या रिचार्जचे?

यातल्या बऱ्याच जणांचा राग प्रेमाचा नसतोच, पैशाचा असतो, हे आमच्या पानटपरीवर उभे राहिले तरी कळते. झेल सुटला की शिवी आधी कोण देतो? ज्याने मोबाइलच्या अॅपवर पैसे लावून संघ लावलाय तो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली म्हणून ते अॅप थंडावले, टपरीवरचा सट्टा आपला चालूच आहे. त्या अॅपच्या पानभर जाहिराती कोणकोणत्या वर्तमानपत्रांत येत होत्या, ते मी इथे लिहीत नाही. आपण समजून घ्यालच.

कुस्तीतही आता डोळे मिटून आपल्याच गड्याची बाजू घेतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत खांदे टेकल्याच्या निर्णयावरून एका मल्लाने पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. दुसऱ्या दिवशी आमच्या पारावर चार बोटांच्या पडद्यावर तो खांदा टेकला की नाही याची सुनावणी चालली होती आणि ज्याने त्याने आपापल्या पैलवानाप्रमाणे निकाल दिला. खांद्यावर वाद घालावा, जरूर घालावा, निर्णय चुकूही शकतो. पण लाथेचे समर्थन करणाऱ्यांत माझे दोन माजी विद्यार्थी होते, याचे मला फार वाईट वाटले. एक तर आता शिक्षक आहे.

जाता जाता आणखी एक, आणि हे थेट आपल्यालाच. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा आपल्या पानावर ‘खान्देशचा वाघ’ वगैरे झाले. छानच झाले. पण गदा येण्याआधी तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना आपल्या पानावर कधी चार ओळी मिळतात? यंदा आमच्या तालुक्याच्या मुलींनी जिल्हास्तरावर कबड्डी जिंकली. बातमी आठवड्याने आली, तीही जाहीर नोटिशींच्या खाली. फोटोत पुढारी, त्यांचे स्वीय सहायक, संस्थेचे अध्यक्ष आणि एका कोपऱ्यात अर्धी कापलेली कर्णधार. बाकी मुली चौकटीबाहेर. नाव एकीचेही नाही. प्रशिक्षक बाईंनी नावांची यादी आपल्या वार्ताहराला स्वहस्ते दिली होती, याला मी साक्षी आहे.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास क्रिकेटचा भाग कापावा, मुलींचा कापू नये. एकदा कापून झाल्या आहेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(ता. पारोळा, जि. जळगाव)