मिस्तरी काका, त्या चकचकीत ट्रॅक्टरवरून उठवलंत म्हणून

मिस्तरी काका, सप्रेम नमस्कार.

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणीचा, म्हणजे त्या बुरशी रोगावरचा, फवारा थांबवता येत नाही, हे निफाडकडच्या बागायतदाराला सांगायला नको. आमचा टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारा, ट्रॅक्टर औषधानं भरलेला फवारणीचा ब्लोअर घेऊन ओळीतच रुतायचा. वाफसा येईपर्यंत पानांवर तेलकट डाग पडलेले असायचे. म्हणून जुना का होईना, चारही चाकांना ताकद देणारा फोर व्हील हवा होता.

यार्डातल्या त्या रंग मारलेल्या ट्रॅक्टरचा इसार मी त्याच दिवशी देणार होतो. तुम्ही आधी इंजिनला हात लावलात. गरम! "आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं ते कळू द्यायचं नाही." मग पुढच्या टायरचं माप वाचलंत. पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ कंपनीनं बसवलेला असतो. भलत्या मापाचा टायर घातला की फोर व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांना ओढतात आणि गिअर झिजतात, हे मला तेव्हा कळलं. जॅकवर घेतलेलं चाक हलवलं तर खुळखुळत होतं. हबच्या सीलमधून तेल पाझरत होतं, वरून नुसतं पुसलेलं.

खरं सांगतो काका, तेव्हा मला तुमचाच राग आला होता.

पण पुढचे तीन रविवार तुम्ही माझ्यासोबत फिरलात. तो चिखलानं माखलेला 24 एचपीचा ट्रॅक्टर बघायला सकाळी सहाला नेलंत, इंजिन गार असताना. ऑइलचं झाकण काढून धूर पाहिलात. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून ठेवला आणि चहा संपेपर्यंत तो खाली येतो का ते बघत बसलात. पाटाकडेच्या ओल्या रानात मला चालवायला लावून स्वतः पुढच्या चाकांशेजारून चालत राहिलात. आरसी बुकावर बँकेचा बोजा निघाला, तेव्हा बँकेचा ना हरकत दाखला (एनओसी) आणि मालकी बदलाचे सह्या केलेले 29, 30 नंबरचे फॉर्म हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ दिला नाहीत.

यंदा पावसात एकही फवारा चुकला नाही. डांबरी रस्त्याला लागलो की फोर व्हीलचा दांडा काढतो, तुम्ही बजावलं होतं तसं. त्या फिरण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. एक्सलचं ऑइल बदलायला येईन तेव्हा पहिल्या तोडणीची द्राक्षं आणतो, तेवढी तरी घ्या.

तुमचाच,
एक द्राक्ष बागायतदार