तक्रार: तुमच्या लेदर क्लीनरने सीटचा रंग काढला आणि वर मला म्हणता "चादर टाका"

हे पत्र कस्टमर केअरला नाही, मॅनेजमेंटला आहे. कस्टमर केअरशी माझं बोलून झालंय, शेवटचं आज दुपारीच झालं, आणि फोन ठेवल्यावर थोड्या वेळात "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे" असा मेसेज आला. कशाचं निवारण झालं? सीट तशीच आहे, पैसे तुमच्याकडेच आहेत, आणि बोलणं ऐकून घेतलं ते मी. तिकीट परत उघडा आणि हे शेवटपर्यंत वाचा.

तुमचं दोन बाटल्यांचं लेदर केअर किट, क्लीनर आणि कंडिशनर, सोबत ब्रश आणि मायक्रोफायबर, 1,499 रुपये, तुमच्याच वेबसाइटवरून मागवलं. बिल आणि फोटो जोडलेत. गाडीच्या सीट बेज रंगाच्या आहेत आणि ड्रायव्हर सीटचा दाराकडचा जो उठलेला भाग असतो, जिथे चढता-उतरता सगळ्यात जास्त घासतं, तिथे जीन्सचा निळसरपणा आणि घामाचा मळ बसला होता. तेवढ्यासाठी घेतलं होतं. बाटलीवर लिहिलंय तसंच केलं, आधी व्हॅक्यूम मारला, मग स्प्रे, तुम्हीच दिलेला ब्रश हलक्या हाताने गोल फिरवला आणि पुसलं. पुसायला आमच्या टॉवेलच्या युनिटचा पांढरा टेरी नॅपकिन घेतला होता. पहिल्यांदा काळपट तपकिरी आलं, तो मळ, बरं वाटलं. नॅपकिनची घडी बदलून परत पुसलं तर त्यावर बेज रंग. सीटचा जो शेड आहे तोच शेड, डिट्टो.

मळ बेज नसतो. हे मी फोनवर सांगून सांगून थकले म्हणून इथे लिहिते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे आणि तिथलं डाइंग, म्हणजे रंगाचं काम, मी बघते. पांढरं कापड रंगीत मालावर घासायचं, एकदा कोरडं एकदा ओलं, आणि रंग सुटतो का बघायचं, रबिंग फास्टनेस म्हणतात त्याला, हे माझं रोजचं काम आहे. सुटलेला रंग कुठला आणि निघालेला मळ कुठला हे मला कुणी फोनवरून शिकवू नये. तो नॅपकिन मी न धुता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, कुणी बघायला येणार असेल तर दाखवते.

आता सीटचं काय झालंय ते. शिलाईच्या कडेने बोटभर रुंदीचा वरचा थर गेलाय आणि खाली करडं, खरबरीत, कच्चं चामडं दिसतंय. त्याच्यावर पाण्याचा थेंब ठेवला की तो गडद डाग पाडत आत मुरतो. चार बोटं बाजूला, जिथे तुमचं क्लीनर लागलेलं नाही तिथे ठेवला की मण्यासारखा उभा राहतो आणि फडक्याने टिपला की निघून जातो. एकाच सीटवर. व्हिडिओ पाठवलाय, तो कुणी उघडूनच बघितला नाही असं दिसतंय कारण दर वेळी मला परत पहिल्यापासून विचारतात की मॅडम नेमका प्रॉब्लेम काय आहे.

तुम्ही लेदरचे प्रॉडक्ट विकता म्हणजे तुम्हाला हे माहिती असणारच, की आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. म्हणजे गाडीवाला साफ करतो ते चामडं नसतंच, तो वरचा थर असतो. त्याला सौम्य काहीतरी लागतं. कडक अल्कली, सॉल्व्हंट आणि वरून ब्रश असं एकत्र झालं की तो थर सुटतो, आणि एकदा सुटला की पुसून परत येत नाही. तुमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात "पीएच बॅलन्स्ड" छापलंय. डाय हाउस असल्याने आमच्याकडे पीएच पेपर कायम असतो, मी लावून बघितला. पट्टी गडद निळी, 10 च्या पुढे; 7 म्हणजे न्यूट्रल, त्याच्या वर अल्कली, खाली ॲसिड. आमच्या डाइंग मास्तरांनी दुसऱ्या डबीतली पट्टी काढून परत लावली, तेच. कॉटनवर रिॲक्टिव्ह रंग बसवायला आम्ही सोडा ॲश टाकून पाणी ज्या लेव्हलला नेतो त्याच्या आसपासचं हे झालं, आणि तिथे आम्ही नंतर ॲसेटिक ॲसिडने न्यूट्रल करून घेतो, माल तसाच कुणाच्या अंगाला लागू देत नाही. चामडं मुळात ॲसिडच्या बाजूचं, साधारण 4 ते 5. पीएचचा एक आकडा वाढला की फरक दसपट होतो, मग 5 आणि 10 मध्ये किती झाला ते तुमच्या लॅबला विचारा. बॅलन्स्ड कशाशी केलंय तुम्ही? आणि बाटली उघडली की थिनरसारखा वास येतो, त्यात सॉल्व्हंट आहे का विचारलं तर "ते कॉन्फिडेन्शियल आहे".

कंडिशनरचं वेगळंच. "लेदरला आतून पोषण" असं लिहिलंय. वर थर असलेल्या लेदरमध्ये ते आत जाणार कुठून? वरच राहतं. पातळ हात दिला आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसून घेतलं तर ठीक, पण तुम्ही लिहिता "भरपूर लावा आणि रात्रभर ठेवा". ठेवलं. सोलापूरचा एप्रिल आहे, बाहेर 40 च्या वर, बंद गाडीत त्याहून जास्त, दुसऱ्या दिवशी सीट चिकट झालेली आणि टॉवेलची सगळी लिंट, म्हणजे सुटलेले बारीक धागे, तिला चिकटलेली. पाठीला बारीक भोकं असलेला भाग आहे, व्हेंटिलेटेड सीट आहे, त्या भोकांत पांढरी क्रीम जाऊन बसली, ती मी टूथपिकने एकेक करून काढतेय अजून. सासूबाई होटगी रोडला नातेवाइकांकडे जायला बसल्या आणि उतरल्या तेव्हा इरकल साडीला मागे हा एवढा तेलकट डाग. तो पण निघालेला नाही.

एवढं सगळं होऊनसुद्धा मी शांतपणेच फोन केला होता. पहिल्या मुलीने सांगितलं तुमची सीट लेदरची नसेल, रेक्झिन असेल. गाडीच्या ब्रोशरमध्ये स्पष्ट आहे, बसायचा आणि टेकायचा भाग लेदर, मागची आणि खालची बाजू रेक्झिन, पान काढून फोटो पाठवला. आणि समजा रेक्झिन असतं, तरी "लेदर, रेक्झिन, विनाइल सगळ्यावर चालतं" हे तुमच्याच बाटलीवर छापलंय की, मी घरून लिहून आणलंय का? मग दुसऱ्याने सांगितलं तुमच्याकडचं पाणी जड असेल. आरओच्या पाण्यात फडकं भिजवून पिळून घेतलं होतं. मग ऊन. मग ब्रश जोरात घासला असेल. एक कारण खोडलं की दुसरं तयार, आणि प्रत्येकाला सगळं नव्याने सांगायचं, कारण आधीच्याने काही लिहूनच ठेवलेलं नसतं.

आज दुपारी सिनियरला जोडून दिलं. होल्डवर ठेवलं, मध्ये तीच ती जाहिरात ऐकवली, लेदरला आतून पोषण, मग एक गृहस्थ आले. मी ऑफिसमध्ये होते, फोन स्पीकरवर, समोर डाइंग मास्तर शेड कार्ड घेऊन बसलेले. मी पहिल्यापासून सांगितलं, नॅपकिनवर रंग आला, पट्टी निळी झाली, थेंब मुरतोय. मध्ये हं नाही की बरं नाही. सांगून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, घरात सर आहेत का? गाडीचं टेक्निकल असतं थोडं, त्यांना दिला फोन तर बरं होईल." मी म्हणलं गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, साफ मी केली, बोलायचं ते माझ्याशी बोला. तर म्हणाले "ओके ओके, कुठून बोलताय आपण?" वास्तविक पत्ता त्यांच्या स्क्रीनवर असणार. म्हणलं सोलापूर. तिथे ते हसले. नीट ऐकू आलं हसलेलं, मास्तरांनी पण ऐकलं. आणि म्हणाले, "अहो मग कशाला टेन्शन घेताय, तुमच्याकडे चादरी फेमस आहेत ना, एक चादर टाका सीटवर, डाग दिसणारच नाही." मागे अजून कुणीतरी हसलं.

हे हिंदीत नाही, चांगल्या मराठीत बोलले. मला दोन मिनिटं काही सुचेना. म्हणलं तुमचं नाव सांगा, तर "आमच्या पॉलिसीत नाही". म्हणलं कॉल रेकॉर्ड होतो ना, तो ऐका परत, तर "मॅडम, तुम्ही आवाज वाढवायलाय". मी आवाज वाढवला नव्हता, आणि वाढवला असता तरी चाललं असतं. मास्तर म्हणाले, "ताई, ठेवा फोन. ह्यांना माल विकायचाय, बघायचा नाही." उभं आयुष्य त्या माणसाने या शहरात सुताला रंग लावलाय. एखाद्या लॉटचा रंग सुटतोय म्हणून व्यापाऱ्याने माल परत पाठवला तर आम्ही त्याला असं म्हणत नाही की मग अंग पुसू नका. माल परत घेतो, टेस्ट करतो, चूक आमची निघाली की नुकसान आमचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय मानांकन आहे, ते तुम्ही लावलेले डाग झाकायला नाही मिळालेलं. ज्या शहराच्या नावावर हसलात त्या शहरातून तुम्ही 1,499 रुपये घेतलेत, घेताना नाही हसू आलं.

मला वाईट जास्त याचं वाटलं की तुमचं नाव आमच्या घरात जुनं आहे. सासऱ्यांच्या पहिल्या गाडीपासून डॅशबोर्डचं पॉलिश तुमचंच यायचं, नवी पेठेत जाऊन तेच मागायचे, दुसरं दिलं तर परत करायचे. लेदर सीटचं काही घ्यायचं ठरलं तेव्हा स्वस्तातलं सोडून तुमचं घेतलं ते त्याच विश्वासावर.

बाटलीवर जागा नव्हती असं सांगू नका, जाहिरातीला जागा आहे. कुठल्या लेदरवर चालतं आणि कुठल्यावर नाही ते लिहा, कारण थर नसलेलं ॲनिलिन लेदर किंवा मखमलीसारखं घासलेलं नुबक असेल तर हे पाणीच त्याच्यात मुरणार आणि डाग कायमचा. आधी पाण्याचा थेंब ठेवून बघा हे लिहा. सीटच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, पांढऱ्या कपड्यावर घेऊन घासून बघा हे लिहा. स्प्रे थेट सीटवर मारू नका, ब्रशवर किंवा कपड्यावर घ्या, भोकांच्या सीटवर तर अजिबातच नको, आत फोम असतो, पंखा असतो, हे लिहा. थोडा थोडा भाग घ्या, सावलीत गाडी थंड झाल्यावर करा, कंडिशनर अगदी कमी घ्या आणि जादाचं पुसून काढा. आणि मराठीत पण लिहा, किट काय फक्त इंग्रजी वाचणारेच घेतात का. आमच्या भागातला कुशनवाला हे सगळं तोंडपाठ सांगतो. त्याने सीट बघितल्या बघितल्या विचारलं, "ताई, काय लावलं ह्याला?" तो भाग साफ करून, फिलर भरून, शेड मिळवून परत कलर आणि वर कोट मारायचे त्याने 6,500 सांगितलेत, आणि शेड शंभर टक्के मिळेलच अशी गॅरंटी तो देत नाही. निदान तसं तोंडावर सांगतो तरी.

मला काय पाहिजे ते आता सांगते. किटचे 1,499 आणि सीटच्या कामाचे 6,500, कुशनवाल्याचं लेखी कोटेशन जोडलंय. त्या बॅचचा पीएच किती आहे त्याचा तुमच्या लॅबचा रिपोर्ट, सहीशिक्क्यासकट. आणि आजच्या कॉलबद्दल लेखी माफी, त्या गृहस्थांच्या नावाने. कूपन पाठवू नका. आधी एकाने पुढच्या ऑर्डरवर 15 टक्के सूट देतो म्हणून सांगितलं, मला तुमचं काहीही परत सीटला लावायचं नाहीये.

हे पत्र पोचल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि सोबत सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या शहरात मला यायची गरज नाही, आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. वकील नाही केला तरी चालतं. "पीएच बॅलन्स्ड" छापलेली बाटली, तिच्यात बाकी राहिलेलं क्लीनर, निळी पट्टी, तो नॅपकिन, सगळं जपून ठेवलंय. बाटली तुम्हाला टेस्टला पाहिजे असेल तर माणूस पाठवा, अर्धं माझ्यासमोर काढून सील करून देते, अख्खी बाटली कुरिअरने पाठवणार नाही.

तिकीट बंद केल्याचा मेसेज परत पाठवू नका. उत्तर लेखी आणि मराठीत द्या, आणि फोन करायचाच असेल तर संध्याकाळी सहानंतर करा, दिवसा मी मशिनवर असते. फक्त ते आजचे सिनियर नकोत.