मे महिन्यातल्या शनिवारचे मतदान

महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या शाळा चर्चवाल्यांच्या ताब्यात गेल्याची हळहळ आपल्या अंकातल्या लेखात वाचली. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो, मुले इथल्याच सरकारी शाळांत शिकली. लेखकाची चीड समजते, पण शाळा कोणी बळकावलेल्या नाहीत. शाळा चालवणाऱ्या बोर्डांसाठी मतदान झाले, जे केंद्रावर गेले त्यांचे उमेदवार आले.

२०२२ च्या मे महिन्यात ग्रेपव्हाइनच्या 'पेट्रियट मोबाइल' या फोन कंपनीच्या राजकीय समितीने साउथलेक, केलर, ग्रेपव्हाइन-कॉलिव्हिल आणि मॅन्सफील्ड या चार शाळा-जिल्ह्यांत (एका बोर्डाखालच्या सरकारी शाळांचा भाग) ११ उमेदवारांमागे सहा लाखांहून जास्त डॉलर लावले. कंपनी स्वतःला उघडपणे ख्रिस्ती आणि परंपरावादी म्हणवते. अकराच्या अकरा निवडून आले. त्याच ऑगस्टमध्ये ग्रेपव्हाइन-कॉलिव्हिलच्या बोर्डाने चार विरुद्ध तीन मतांनी ३६ पानी धोरण मंजूर केले : लिंगओळख ठाम नसते, बदलू शकते, अशी चर्चा वर्गात नको, स्वच्छतागृहे जन्मजात लिंगानुसार, विद्यार्थ्याने स्वतःसाठी निवडलेले सर्वनाम ('तो' किंवा 'ती') वापरण्याचे शिक्षकावर बंधन नाही. एका मताचा फरक! पुढच्या निवडणुकांत याच गटाचे काही उमेदवार पडलेही, हे लेखात यायला हवे होते.

या लोकांना सरसकट 'कट्टर' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. २०१७ च्या नॅशव्हिल निवेदनात इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, पुढाऱ्यांनी आपली भूमिका १४ कलमांत मांडली. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, शरीरसंबंध विवाहातच, आणि माणसाची ओळख देवाने दिलेल्या देहावरून ठरते, मनाला काय वाटते यावरून नव्हे. कॅथलिकांचे धर्मशिक्षणाचे अधिकृत पुस्तकही समलिंगी संबंध अमान्य करते, मात्र त्याच परिच्छेदांत अशा व्यक्तींना आदराने व करुणेने वागवा, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नका, असेही बजावते. वसईच्या कॅथलिकांना हे नवे नाही. सगळे ख्रिस्ती एका सुरात बोलतात असेही नाही. युनायटेड मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथीयांनी २०२४ मध्ये समलिंगी पाद्र्यांवरची बंदी उठवली. त्याआधीच या वादापायी त्यांची अमेरिकेतली सुमारे पाव चर्चे बाहेर पडली होती, त्यात टेक्सासमधली पुष्कळ.

माझे म्हणाल तर त्यांचा विवाहाचा विचार मला पटत नाही. दोन सज्ञान माणसांनी कोणाबरोबर संसार थाटावा यात शाळेने किंवा चर्चने नाक खुपसू नये. पण लहान मुलांना वर्गात काय वाचून दाखवतात ते पालकांना आधी कळावे, ही मागणी मला रास्त वाटते. ती फक्त गोऱ्या इव्हँजेलिकलांचीही नाही. अशीच मागणी करणाऱ्या मेरिलँडमधल्या ज्या पालकांच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, त्यांत मुस्लिम होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही होते. आणि जो पोरगा स्वतःला मुलगी समजतो त्याला रोज त्याच वर्गात बसायचे असते, हे बोर्डावरच्या सातही जणांनी ध्यानात ठेवावे.

आता मतदानाविषयी. ते बहुधा मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी असते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. विश्वस्तांना, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांना, पगारही नाही. बहुतेक ठिकाणी दहातले नऊ मतदार फिरकतच नाहीत. केंद्राच्या दारापासून १०० फुटांवर पाटी असते. तिच्या आत प्रचार बंद, मतदानाच्या खोलीत फोनही बंद. म्हणून जाणकार मतदार खिशात घडी घातलेला कागद घेऊन येतात. कोणाच्या कागदावर एखाद्या ख्रिस्ती संघटनेने तयार केलेला, उमेदवारांच्या उत्तरांचा तक्ता असतो, तर कोणाच्या कागदावर शिक्षक संघटनेने सुचवलेली नावे. दोन्हींत प्रश्न विचारणाऱ्याचा कल उतरतोच. 'पालकांच्या हक्कांना पाठिंबा आहे का?' या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा बोर्डाच्या बैठकीचे व्हिडिओ बघावेत. कोणी कोणत्या ठरावावर हात वर केला ते तिथे दिसते.

आपली मराठी मंडळी यात कुठे आहेत? गणपतीला हॉलमध्ये उभे राहायला जागा नसते; मतदानाच्या शनिवारी केंद्रावर आपल्यातले दोन-चार चेहरे दिसले तरी नवल. बरे, मालमत्ता कराच्या बिलातला सर्वांत मोठा आकडा बहुधा शाळेचाच, त्यावर मात्र तासन्‌तास कुरकुर चालते. २०२५ च्या एका कायद्याने टेक्सासच्या प्रत्येक बोर्डाला १ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली : शाळेत प्रार्थना आणि बायबल किंवा अन्य धर्मग्रंथ वाचायला, पालकांच्या संमतीने, वेगळा वेळ ठेवायचा की नाही, यावर प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून निर्णय घ्या. हा प्रश्न थेट आपल्या मुलांचा होता. माझ्या ओळखीच्या किती घरांत त्याची चर्चा झाली, ते सांगायला नको.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले-सुना इथे नागरिक झाल्या आहेत, त्यांनी मार्चमध्ये फोनवर मतदार नोंदणी झाली का एवढे विचारावे. मतदानाच्या ३० दिवस आधी ती बंद होते.

आपला,
एक वाचक, टेक्सास (मूळ सातारा)