पाय कुणाचे धुवायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ईस्टरचा लेख वाचला. छान आहे. इतका छान, की आम्ही ख्रिस्ती माणसं एवढी प्रेमळ आहोत हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आपल्या नाशिकची शरणपूरची ख्रिस्ती वस्ती आली, गुलामीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं आली, त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनच्या पार्थिवाबरोबर 1874 साली थेट लंडनपर्यंत गेला तेही आलं. सगळं खरं. पण ती मुलं सांभाळली मिशनऱ्यांनी, तीही दीडशे वर्षांपूर्वी. त्या पुण्यावर आम्ही अजून किती दिवस बसून खायचं?

येशूने शेवटच्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. तो विधी म्हणजे म्हणे समतेचं दर्शन. लेखकमहाशयांनी तो बहुधा फोटोत पाहिला असावा. मी दरवर्षी बाकावर बसून पाहते. बारा जण आधीच ठरलेले असतात. दोन-तीन समितीवाले, एक देणगीदार, त्यांचे एक व्याही. सगळे पाय घरूनच साबणाने धुऊन आलेले. गेल्या वर्षी एकांच्या टाचेला पावडरही होती.

आमच्या चर्चमध्ये (नाव लिहीत नाही, उगाच फोन येतील) सात-आठ वर्षं एक तृतीयपंथी येते. पहिल्या मिस्साला, म्हणजे सकाळच्या उपासनेला, शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. पहिल्यांदा ती शेजारी बसली तेव्हा मी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली होती, हेही लिहून टाकते. पुढे ओळख झाली. दिवसभर सिग्नलवर उभं राहून तिचे गुडघे धरलेत. यंदा मी समितीला म्हटलं, बारांत हिला घ्या. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पाय धुतले, त्यांतली एक तर मुसलमान होती. 2016 पासून स्त्रियांना घ्यायला नियमाचीही आडकाठी नाही. उत्तर काय मिळालं? ‘टीचर, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात मुलाचं नाव आहे. हिला पुरुषांत बसवायचं की बायकांत?’ अहो, पाय धुताना नाव विचारतं कोण! येशूने धुतले त्यांत यहूदा इस्कार्योतही होता. त्याच रात्री दगा द्यायचा होता त्याला, तरी त्याच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. हे बोलल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ झालं. जन्म शाळेत गेला माझा. या तीन शब्दांचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात, तेव्हा आम्हाला कोण अभिमान! दोन दिवसांचा पाहुणा चालतो. दर रविवारी येणाऱ्याचं काय करायचं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

माझं चुकलं एवढंच, की समितीकडे नाव दिल्याचं मी तिला आधीच सांगून बसले. नकार कळवायचा मात्र धीर झाला नाही. गुरुवारी ती आली ती पायाची नखं रंगवून. बारा खुर्च्या भरल्या, घंगाळ बाहेर आलं, तशी ती उठली, दाराशी चपला शोधल्या आणि गेली. काल ईस्टरला आली नाही.

आता तुमच्याबद्दल. शुक्रवारी पहिल्या पानावर एका पुढाऱ्यांची जाहिरात होती, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली हात जोडलेले आठ फोटो. त्या दिवशी आमच्या येशूला क्रुसावर खिळे ठोकले. सुतकाच्या घरी कुणी शुभेच्छा देतं का? शुभेच्छा ईस्टरला द्यायच्या असतात. मी दरवर्षी कळवते, तुम्ही दरवर्षी छापता. जाहिरातीचे पैसे मोजून झाले की कॅलेंडरवरही एक नजर टाकत जा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक