ग्रीनस्टेडच्या लाकडी चर्चचं वय: मित्रास पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

ग्रीनस्टेडच्या चर्चबद्दल तू विचारलंस, की एका ठिकाणी 845 आणि दुसरीकडे 1060 च्या पुढचं साल का दिसतं? दोन्ही आकडे एकाच भिंतीतल्या लाकडाचे आहेत. म्हणून राजे-संत नंतर, आधी भिंत.

एसेक्समधल्या ऑंगरपासून मैलभरावरचं हे सेंट अँड्र्यूचं चर्च. मुख्य दालनाच्या भिंती ओकच्या 51 उभ्या लाकडांच्या. ओंडका मधोमध फोडायचा, गोल पाठ बाहेर, सपाट बाजू आत आणि ती वाकसाने तासून घ्यायची. प्रत्येक लाकडाच्या दोन्ही कडांना उभी खाच पाडलेली, आणि शेजारच्या दोन खाचांत मिळून ओकची एक पातळ पट्टी सरकवलेली. नुसती कडेला कड लावली असती तर लाकूड वाळून आकसल्यावर फटी पडल्या असत्या आणि वारा-पाऊस आत आला असता. पट्टी असली की लाकूड आकसलं तरी आरपार उजेड दिसत नाही. कोपऱ्यावर मात्र अर्धा ओंडका चालत नाही. तिथे पूर्ण ओंडका घेऊन आतला पाव भाग काटकोनात काढून टाकलाय. मला विचारशील तर अख्ख्या इमारतीतलं सगळ्यात देखणं काम तेच.

आता साल. लाकडातून पेन्सिलीएवढ्या जाडीचा गाभा काढतात, वाढीच्या वलयांची रुंदी मोजतात आणि त्या प्रदेशाच्या आधीच तयार असलेल्या वलयक्रमाशी जुळवतात. पाऊसपाणी चांगलं त्या वर्षी वलय रुंद, वाईट त्या वर्षी अरुंद, त्यामुळे क्रम सहसा चुकत नाही. अडचण येते ती शेवटच्या वलयाशी. सालीलगतचं कोवळं लाकूड किडीला आणि ओलीला आधी बळी पडतं. इथे शिल्लक असलेलं सगळ्यात बाहेरचं वलय 1053 चं निघालं. इंग्लंडमधल्या ओकला कोवळी वलयं साधारण 10 ते 55 असतात. तेवढी मिळव, म्हणजे झाड तोडलं 1063 ते 1108 च्या दरम्यान. ही 1995 ची फेरतपासणी, 845 हा त्याआधीचा आकडा. ओक ओला असतानाच कामाला घेत, त्यामुळे तोडणी आणि बांधणी यांत फार अंतर धरायला नको. 845 सांगणारी पाटी किंवा पुस्तक दिसलं तर ते जुनं समज.

मग 1013 साली संत एडमंडचा, म्हणजे संत मानल्या गेलेल्या नवव्या शतकातल्या राजाचा देह लंडनहून त्याच्या समाधीच्या बरी गावी परत नेताना इथे विसावला, ती कथा खोटी का? या भिंतींपुरती, हो. पण 1960 च्या उत्खननात वेदीकडच्या भागाखाली आणखी जुन्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे जागा जुनी, भिंत नंतरची. तरी उरतं ते कमी नाही: नॉर्वेतलं उर्नेसचं प्रसिद्ध लाकडी चर्च बाराव्या शतकातलं, हे त्याच्याही आधीचं.

बाकी भाग भराभर सांगतो. वेदीकडचा विटांचा भाग 1500 च्या सुमाराचा. फळ्यांनी मढवलेल्या मनोऱ्यातल्या घंटेवर 1618 साल आणि ओतणाऱ्याचं, विल्यम लँडचं, नाव आहे. हे सुरुवातीला अर्थातच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या स्वतंत्र चर्चचं, नव्हतं. राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतली आणि देशातल्या इतर चर्चांबरोबर हेही त्या वाटेने गेलं.

खरा घाव बसला तो 1848 साली. लाकडांची खालची टोकं कुजली होती. लाकूड पाणी पितं ते आडव्या कापलेल्या टोकाकडून, म्हणून जमिनीलगतचा भाग आधी जातो. इथले धर्मगुरू (रेक्टर) फिलिप रे यांच्या काळात कुजका भाग कापून टाकला आणि भिंती विटांच्या जोत्यावर, नव्या आडव्या तुळईवर बसवल्या. भिंत वाचली, पण बुंध्यांची मूळ ठेवण कशी होती याचा पुरावाही त्या कापलेल्या तुकड्यांबरोबर गेला. त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं, हे मला सुचत नाही.

याच रे यांच्या काळात, मजुरांची संघटना बांधल्याने गाजलेले टॉलपडल गावचे मजूर या भागात राहायला आले. 1834 साली बेकायदा शपथ दिल्याबद्दल सहा शेतमजुरांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. माफीनंतर ऑस्ट्रेलियातून परतल्यावर त्यांतल्या पाच जणांना ग्रीनस्टेड आणि हाय लेव्हर इथे शेती मिळाली. ही मंडळी मेथडिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या ख्रिस्ती पंथाची, तरी जेम्स ब्राइन आणि एलिझाबेथ स्टँडफिल्ड यांचं लग्न 1839 मध्ये याच चर्चमध्ये लागलं. पुढे ती सगळी कॅनडाला गेली.

भिंतीत एक छोटा कोनाडा दाखवतील आणि म्हणतील, कुष्ठरोगी बाहेरून इथून प्रार्थना पाहत. ऐकून घे. ते पवित्र पाण्याचं पात्र ठेवायची जागा असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा खाली वाकून लाकूड आणि वीट यांचा सांधा बघ. लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग दिसला तर ती बुरशी नव्हे. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलीत भेटले की तो रंग उतरतो.

लंडनच्या मेट्रोच्या सेंट्रल लाइनने एपिंगपर्यंतच जाता येतं. पुढची ऑंगरची गाडी 1994 मध्ये बंद झाली. ऑंगरहून एसेक्स वे नावाची पायवाट थेट चर्चपाशी जाते, पण पाऊस झाला असेल तर चिखलात चालतील असे बूट घाल. भिंतीचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढ, म्हणजे पाठीची गोलाई नीट उठून दिसेल. कोपऱ्याच्या ओंडक्याचा फोटो आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पाठव.

तुझा,
अनिरुद्ध