निखिल, स्लिप उघडून बघ

सातारा, २ नोव्हेंबर २०२५

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, ‘नवी कंपनी भारी आहे आई, टॅक्सच कापत नाही.’ तेव्हापासून मला चैन नाही. पंचायत समितीत एकवीस वर्षं मास्तरांची पगारबिलं केली. कपातीच्या रकान्यात शून्य दिसलं की काय राहून गेलं ते शोधायची खोड जात नाही. बाबा म्हणतात, पोरगा कच्छात पवनचक्क्या चालू करतोय, त्याला तू काय शिकवणार? पवनचक्की तो मला शिकवू दे, स्लिप मी त्याला शिकवते.

तुझ्या दोन्ही कंपन्यांच्या स्लिपा समोर घेऊन बसले. जुनीत एप्रिल ते ऑगस्ट महिना ९५ हजार. तिने वर्षाचा अंदाज धरला ११ लाख ४० हजार. नव्या करप्रणालीत यंदा ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) धरून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही, म्हणून कापलं नाही. नवी कंपनी सप्टेंबरपासून १ लाख २० हजार देते. मार्चपर्यंत ८ लाख ४० हजार. तिला तेवढंच दिसतं, तीही कापत नाही. दोघींचं चुकलं नाही. चुकलं तुझं, कारण बेरीज तुझ्याकडे होती.

४ लाख ७५ हजार आणि ८ लाख ४० हजार, झाले १३ लाख १५ हजार. कंपन्या दोन असल्या तरी वजावट एकदाच. उरले १२ लाख ४० हजार. १२ लाखांच्या जरा वर गेलेल्याला एवढीच सवलत आहे की कर वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. म्हणजे तुझे वरचे ४० हजार अख्खे गेले, त्यावर ४ टक्के उपकर. ४१,६०० रुपये! आणि ते विवरणपत्र भरताना एकरकमी, व्याजासकट.

उद्याच एचआरकडून फॉर्म १२बी मागून घे, जुन्या पगाराचे आकडे भर, स्लिपा जोड. मग ते उरलेल्या पाच पगारांतून साधारण ८,३२० रुपये कापतील. हातात कमी येईल, ओरडू नकोस.

आता खरी गंमत. तुझ्या १ लाख २० हजारांत दोन भत्ते आहेत. ‘साइट अलाउन्स’ दर महिन्याला ठरलेला, दौरा असो नसो. तो पगारच समज. पण ९ हजारांचा ‘डेली अलाउन्स’ नेहमीच्या कामाच्या ठिकाणाबाहेर दौऱ्यावर गेल्याचा आहे. तो जेवढा खरोखर त्या दौऱ्यावर खर्च झाला तेवढा करमुक्त, नव्या प्रणालीतसुद्धा. तुझ्या बाबतीत असा दाखवलेला प्रत्येक रुपया उपकरासकट अख्ख्या रुपयाहून जरा जास्तच वाचवतो! सात महिन्यांत ६३ हजार मिळणार. त्यातल्या ४० हजारांचा खर्च दाखवता आला तर कर शून्य. आणि तू लॉजची बिलं टाकून देतोस. दौऱ्याच्या मेलसकट जपून ठेव. ढाब्याचं बिल मिळत नसेल तर तारीख टाकून वहीत लिही, पैसे यूपीआयने दे. कंपनीत दाखवायची तारीख विचारून घे. मात्र न खाल्लेल्या जेवणाचं बिल करू नकोस. ऑडिटवाले काय काय विचारतात ते मी बघितलंय.

बाकी किरकोळ. हजेरी पुण्याच्या ऑफिसात म्हणून महाराष्ट्राचा व्यवसायकर २०० जातो. फेब्रुवारीत ३०० जाईल, तेव्हा ‘आई, शंभर जास्त कापले’ म्हणून फोन नको. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा नंबर, तोच राहू दे, जुनी शिल्लक काढू नकोस, नवीकडे वळव. पाच वर्षं भरायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो आणि तुझी चारच झालीत.

आणि साइटचा पिनकोड पाठव. बेसनाचे लाडू डब्यात भरून आठवडा झाला, बाबा रोज एक कमी करतायत.

तुझी,
आई