तरुण घोड्याचं तोंड जपायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तरुण घोड्यांना बिटचा, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या लोखंडी दांडीचा, संपर्क (लगामातून हात आणि तोंड यांचं हलकं नातं) शिकवताना तुम्ही केलेल्या मदतीबद्दल तोंडी आभार मानून झाले आहेत. पण तुमचे मुद्दे कुठेतरी लिहून राहावेत, नव्याने हे काम करणाऱ्यांच्याही उपयोगी पडावेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

पहिले आभार बिटला हात लावण्याआधी दात तपासून घ्यायला लावलंत त्याचे. वरच्या दाढांच्या अगदी पुढे कधी कधी एक बारकासा वुल्फ टूथ असतो. बिट त्यावर घासलं की घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. त्यात अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, हिरड्या हुळहुळत असतात, आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात लोखंड घालतो. पशुवैद्याने तोंड पाहिल्याशिवाय लगाम नाही, हा तुमचा नियम आता आमचाही आहे.

मापाबद्दलही तसंच. ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रुंदी मोजायची आणि सैल कड्यांच्या स्नॅफलला (दोन्ही टोकांना फिरत्या कड्या असलेल्या साध्या बिटला) दोन्ही बाजूंना साधारण ५ मिलिमीटर मोकळे सोडायचे. त्याहून कमी असेल तर कातडी चिमटते, फार जास्त असेल तर बिट तोंडात इकडून तिकडे सरकत राहतं. जाड बिट म्हणजे सौम्य बिट, ही समजूत तुम्ही मोडीत काढलीत ते बरं झालं. जीभ मांसल आणि टाळू ठेंगणा असेल तर १८ मिलिमीटरचं बिट तोंडात मावतच नाही. तिथे १४ मिलिमीटरचं, दोन सांध्यांचं बिट घोडा शांतपणे धरतो. नाकपट्टी आवळून तोंड बंद ठेवायचं नाही. नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज गेली पाहिजेत, कारण जबडा हललाच नाही तर तो सैल तरी कसा सुटणार?

बिट चढवण्यापेक्षा काढण्याकडे जास्त लक्ष द्या, असं तुम्ही सांगितलंत, आणि त्याचा फरक रोज दिसतो. चढवताना अंगठा ओठाच्या कोपऱ्यात, जिथे दात नाहीत तिथे ठेवायचा. काढताना डोक्यावरचा पट्टा हळूच कानांवरून पुढे घ्यायचा, तो हातात तोलून धरायचा आणि घोडा स्वतः तोंड उघडून बिट सोडेपर्यंत थांबायचं. घाईने ओढलं की लोखंड पुढच्या दातांवर आपटतं, आणि दुसऱ्या दिवशी ब्रिडल (डोक्यावरचा पट्ट्यांचा साज) दिसताच मान वर जाते. सुरुवातीचे दिवस लगामाविना, रोज १०–१५ मिनिटं नुसतं बिट तोंडात. लंजिंगची (घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवण्याची) दोरी केव्हसनला, म्हणजे नाकावरच्या कडीच्या पट्ट्याला, बांधायची, बिटला नाही.

सगळ्यात मोठं ऋण मात्र जमिनीवरच्या धड्याचं. घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहून कडीजवळ लगाम धरायचा, बोटं मिटायची, पण मागे ओढायचं नाही. मग वाट बघायची. घोडा आधी हातावर रेलेल, मग थोडी मान वर करेल, मग जीभ हलेल आणि जबडा सैल पडेल. त्याच क्षणी बोटं उघडायची. दोन सेकंद उशीर झाला तर तोवर घोडा दुसरंच काही करत असतो आणि सुटका त्या दुसऱ्याच गोष्टीची शाबासकी ठरते. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, दाब सुटल्यामुळे, हे आम्हाला तिथेच खऱ्या अर्थाने कळलं.

वर बसल्यावर तुम्ही हाताआधी कोपर पाहायचात. चालीत घोड्याचं डोकं पुढेमागे डुलतं, म्हणून कोपर उघडत-मिटत त्याच्याबरोबर जायला हवं. दुडकीत डोकं बरंचसं स्थिर राहतं, तिथे स्वाराचं अंग वर-खाली झालं तरी हात जागेवरच हवेत. 'दया म्हणून' सोडलेला लोंबता लगाम तुम्हाला खपत नसे, आणि ते पटतं: आधी झोल पडतो, मग हिसका बसतो, आणि तोच हिसका घोड्याच्या लक्षात राहतो. हलका पण न तुटणारा संपर्क त्याला जास्त सोसतो.

चुकांचं निदानही तुमच्यामुळेच सोपं झालं. हनुवटी छातीकडे ओढून घोडा बिटमागे लपला तर हात पुढे देऊन पायाने पुढे काढायचा. दिसायला ती मान सुबक वाटते, पण संपर्क तिथे उरलेलाच नसतो. हातावर भार टाकत असेल तर उलट ओढू नये, चाल आणि दुडकी यांत वारंवार बदल करत राहावं, म्हणजे मागचे पाय भार घेतात. जीभ बिटवरून काढत असेल तर आधी बिट फार खाली लोंबतंय का ते पाहावं, मग आपले हात तपासावेत.

साइड रेन्सबाबत (बिटपासून खोगिराच्या बाजूला बांधायच्या पट्ट्यांबाबत) मात्र आमचं तुमच्याशी अजून पूर्ण जुळत नाही. तुम्ही त्या लांब ठेवून लवकर लावता. आम्हाला वाटतं, घोड्याला हाताची सुटका कळल्याशिवाय न सुटणारा पट्टा देऊच नये. पुढच्या भेटीत यावर वाद घालायचा आहे, वेळ राखून ठेवा.

आपले,
तरुण घोड्यांवर काम करणारे तुमचे विद्यार्थी